स्टॉपवॉचवरचं प्रेम

प्रेमकथेतल्या खेळाडूला फारसं बोलू देत नाहीत. घाम पुसायचा, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतायचं आणि लांब कुठेतरी बघत राहायचं, एवढंच त्याचं काम. मग शाळेत एक नवीन पाखरू येतं. ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही, शिक्षकांना उलट उत्तरं देतं आणि अख्खा वर्ग रिकामा असला तरी नेमकं या अबोल खेळाडूच्या बाकावर जाऊन बसतं. पुढच्या दोन तासांत अबोल माणूस घडाघडा बोलायला लागतो, बंडखोर पाखरू हळवं होतं आणि अंतिम सामना शेवटच्या सेकंदाला जिंकला जातो.

हा मसाला जगभर चालतो. २००६ सालच्या 'हाय स्कूल म्युझिकल'मध्ये बास्केटबॉल संघाचा कर्णधार आहे आणि शाळेत नव्यानं आलेली मुलगी आहे. कर्णधाराचा कोच म्हणजे त्याचा सख्खा बाप, तरी पोरगा बास्केटबॉल सांभाळून गाण्याच्या नाटकात शिरतो. आपल्याकडे १९९८ साली 'कुछ कुछ होता है'मधली अंजली बास्केटबॉलमध्ये राहुलला लोळवत असते, तेवढ्यात लंडनहून टीना येते आणि अंजलीचा खेळ खलास. पुढे बऱ्याच वर्षांनी तीच अंजली साडी नेसून खेळते आणि हरते, तेव्हा कुठे राहुलला तिची किंमत कळते. यातून तमाम खेळाडू मुलींनी काय बोध घ्यायचा, ते दिग्दर्शकानं सांगितलेलं नाही. 'सैराट'चा परश्या तर क्रिकेटचा हिरो. पण आर्ची बुलेटवरून आली आणि त्याच्या बॅटीचं पुढे काय झालं, हे ना त्याच्या घरच्यांनी विचारलं, ना प्रेक्षकांनी.

या सगळ्या कथांमध्ये खेळ आहे, सराव नाही. लिहिणारे लोक पहाटे साडेपाचला कुठल्या मैदानावर गेलेले दिसत नाहीत. मी जातो. खेळायला नव्हे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात सलग चालता येईल अशी जागा एकच, शाळेचं मैदान. कडेकडेनं आम्ही मंडळी साखर, रक्तदाब आणि पेन्शन या तीन विषयांवर फेऱ्या मारतो आणि मधोमध खो-खोचा सराव चाललेला असतो. त्यामुळे अबोल खेळाडू आणि बंडखोर पाहुणा हे प्रकरण मला तिकीट न काढता बघायला मिळालं.

आधी खेळाडूचं सांगतो. मुलगी अकरावीतली, संघाची कर्णधार, कुमारी गटात राज्य स्पर्धा खेळून आलेली. अबोल म्हणजे किती? आम्ही कुणी 'काय गं, झाला का सराव?' असं विचारलं तर ती मान हलवायची, आणि ती मान उभी हलली की आडवी, यावर आमची पुढची फेरी निघायची. सिनेमात अशा अबोलपणामागे लहानपणचं एखादं दुःख काढतात. हिच्या अबोलपणामागे वेळापत्रक होतं. साडेचारला उठायचं, साडेसातपर्यंत मैदान, मग आंघोळ, कॉलेज, संध्याकाळी पुन्हा पाच ते सात मैदान आणि रात्री ताटावरच डुलकी. या माणसानं मन मोकळं करायचं ते कधी? शिवाय ज्याला धाप लागलीय तो बोलत नाही, हे मी स्वानुभवानं सांगू शकतो.

दुसरं कारण हिशेबाचं. खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असतं, पोलीस भरतीला मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, ही सगळी माहिती तिच्या आईला तोंडपाठ. फक्त आजी तेवढी विरोधी पक्षात होती. 'खो-खो खेळून पोट भरतं व्हय?' हा तिचा कायमचा सवाल. पण जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारतानं नेपाळला हरवलं आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे निघाले. महिलांचा अंतिम सामना ७८-४० असा सुटला. आजीला विश्वचषक म्हणजे नेमकं काय ते उमगलं नसेल, पण अठ्ठ्याहत्तरातून चाळीस गेल्यावर काय उरतं ते बरोबर उमगलं. त्या आठवड्यापासून नातीच्या ताटात रोज दोन अंडी पडायला लागली. ज्या मुलीवर घरानं रोजची दोन अंडी लावली आहेत, ती सहजासहजी कुणाकडे बघून हसत नाही.

आणि तिसरं कारण खुद्द खो-खो. हा खेळ माणसाला सावध करतो. पाटीवर आठ जणी बसतात, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून. चवड्यांवर, बोटं जमिनीला टेकलेली, नजर समोर. पाठीमागे काय चाललंय ते वळून बघायचं नाही, कानानं ओळखायचं. मागून हात पडेल आणि 'खो' ऐकू येईल तेव्हाच उठायचं. हात आणि शब्द एकाच वेळी आला पाहिजे. आधी शब्द आणि मग हात, किंवा आधी हात आणि मग शब्द, असलं काही पंच चालवून घेत नाहीत. उठून एकदा दिशा घेतली की माघार नाही. नुसता खांदा उलट वळला तरी शिट्टी. आमच्या गावात सोयरीक जमवणाऱ्यांनीसुद्धा इतके कडक नियम केलेले नाहीत.

बरं, तीच मुलगी पळतीला उतरली की तिचं काम हूल देण्याचं. डोळे डावीकडे, कंबर उजवीकडे आणि पाय तिसरीकडेच. नऊ जणींना रोज उघड्या मैदानात फसवणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरून तिच्या मनातलं ओळखायला जो निघेल, त्याला शौर्यपदकच द्यायला हवं.

असा एक जण निघाला. वडील वीज कंपनीत, ठाण्याहून बदली होऊन आलेले. त्यामुळे नवीन मुलाची गावाला ओळख झाली ती 'लाईटवाल्या साहेबांचा पोरगा' अशी. वर्गातला पंखा बंद पडला की साठ मुलं एकदम त्याच्याकडे बघायची. केस कपाळावर, शर्ट बाहेर, बाह्या वर आणि चेहऱ्यावर सदानकदा 'मला इथं आणलंच का' असा भाव.

पण गावात बंड करणं सोपं नसतं. बंडाला अनोळखी माणसं लागतात आणि गावात ती नसतात. पहिल्याच आठवड्यात यानं तास बुडवून चहाची टपरी गाठली. टपरीवाला निघाला कॉलेजातल्या मराठीच्या सरांचा मेहुणा. अर्धा कप संपायच्या आत सर हजर, आणि उरलेला अर्धा कप त्यांनी प्यायला. मग यानं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून पारावर बसून बघितलं. ठाण्यात लोक निदान 'आवाज कमी कर' म्हणून अंगावर आले असते. इथं एक म्हातारा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "कुणाचा रं तू?" या एका प्रश्नापुढे भलेभले गार पडतात. वडिलांचं नाव सांगावं लागतं, ते सांगितलं की मूळ गाव, ते सांगितलं की मामा कुठले, आणि मामांपर्यंत पोचेस्तोवर बंड संपलेलं असतं.

मग त्यानं आईची स्कूटर पळवली. इथं कायदा मोठा गमतीचा आहे. सोळा वर्षांच्या मुलाला बिनगिअरची पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालवायचा परवाना मिळतो, आणि तसली गाडी आता दुकानात शोधून सापडत नाही. मोठी गाडी चालवताना अल्पवयीन पोरगा सापडला तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे बंड मुलाचं आणि तुरुंगवारी बापाची. चौकातल्या हवालदारांनी त्याला हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि स्कूटर ढकलत घरी न्यायला लावली. वाटेत सात जणांनी पंक्चर कुठे झालं ते विचारलं.

शेवटी शारीरिक शिक्षणाच्या सरांच्या तासाला हा डोळ्यांवर केस घेऊन, हाताची घडी घालून उभा राहिला. सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रागावले नाहीत. पुढच्या रविवारी निवड चाचणी होती आणि सरांना माणूस हवाच होता. म्हणाले, "उद्या पाच वाजता यायचं. फक्की मारायची."

मैदान आखायच्या चुन्याला फक्की म्हणतात आणि ती पडते कशी ते दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी उभं राहून बघितलं. दोन खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी, एका हातात फुटका डबा. सुतळीच्या कडेनं मूठ हलवत, एकसारखी चिमूट सोडत मागं मागं सरकायचं. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद. साहेबांच्या चिरंजीवांनी पहिल्या दहा मीटरमध्येच अर्धा डबा संपवला, वाऱ्याची दिशा बघितली नाही आणि कपाळावरच्या केसांची बट पांढरी करून घेतली.

सर लांबून ओरडले, "मर्दा, ही रेघ हाय का साप?"

त्याच वेळी कर्णधारीण बाई धावण्याच्या फेरीत तिथून निघाल्या होत्या. त्या थांबल्या नाहीत. वेग किंचित कमी करून एवढंच म्हणाल्या, "सुतळी ढिली हाय."

सिनेमात इथं वारा सुटतो, व्हायोलिन वाजतात. इथं वारा आधीच सुटला होता आणि फक्की त्याच्या डोळ्यांत गेली होती. पण त्यानं सुतळी ताणली. वडिलांच्या, दोन शाळांच्या आणि एका हवालदाराच्या सांगण्यावरून जे झालं नव्हतं, ते तीन शब्दांत झालं.

पुढे एक अनपेक्षित अडचण आली. मैदानावर लहान-मोठी सगळी पोरं कर्णधाराला 'ताई' म्हणतात. यानं पाचवीतल्या एकाला हळूच विचारलं, "तिचं नाव काय रे?"

"ताई."

"अरे, पण नाव?"

"ताईच."

सरांचाही दंडकच होता, मैदानावर ताई-दादा म्हणायचं. आजवर या मुलानं कशाविरुद्ध म्हणून बंड केलं होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आता मात्र त्याला मुद्दा सापडला. काहीही झालं तरी ताई म्हणायचं नाही. सरांनी विचारलं, "का रं?" तो खाली मान घालून उभा. सरांनी दहा फेऱ्या सांगितल्या. त्यानं त्या मारल्या, पण म्हटलं नाही. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं तत्त्वाचं बंड, आणि आम्हा सगळ्या पेन्शनरांचा त्याला आतून पाठिंबा होता. आठव्या फेरीला तो आमच्यासोबत चालायलाच लागला. तेवढ्यात पाटीवर बसलेल्या कर्णधाराचा आवाज आला, मान न वळवता, "अजून दोन राहिल्यात." म्हणजे ती मोजत होती! आमच्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी त्या आनंदात आणखी एक फेरी मारली. त्यांची साखर दुसऱ्या दिवशी आटोक्यात आली म्हणे.

प्रकरण सरांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. सरांच्या गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि खिशात वही. त्या वहीत प्रत्येकीच्या पळतीची वेळ रोजच्या रोज. खो-खोत कुमारी गटाचा डाव नऊ मिनिटांचा, पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीनं उतरतात. एकटीनं दोन मिनिटं काढली तर सर समाधानानं खोकतात. कर्णधाराची वेळ ठरलेली, दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आसपास. प्रेमात माणसाची भूक जाते, झोप जाते असं म्हणतात. सरांचा अनुभव असा की आधी सेकंद जातात. म्हणून त्यांनी कुणाला हटकलं नाही, घरी सांगितलं नाही, नुसती वही बघत राहिले.

वेळ वाढली. दोन पंधरा, मग दोन वीस, मग दोन सत्तावीस. सरांनी स्टॉपवॉच बदलून बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं की तो पोरगा फक्की मारून झाल्यावर ज्या खांबापाशी उभा असतो, त्या खांबाजवळ आताशा ही बाद होतच नाही. हे प्रेम की इभ्रत, ते स्टॉपवॉच सांगत नाही आणि सरांनाही त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी मुलाला बोलावून घेतलं आणि फर्मान काढलं, "रोज यायचं. इथं, या खांबामागं उभं ऱ्हायचं. बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई." आमच्या गावात त्याला मिळालेलं हे पहिलं अधिकृत पद.

आता कथालेखकांच्या हिशेबानं या टप्प्यावर खेळाडूभोवतीची भिंत ढासळायला हवी होती. भिंत जिथल्या तिथे होती. ढासळत होता तो बंडखोर. पाचला मैदानावर यायचं म्हणून तो दहाला झोपायला लागला. डोळ्यांत चुना जातो म्हणून केस कापले. बाह्या वर केल्या की कोपरं सोलतात, कारण एव्हाना सर त्याला मुलांच्या संघात सूर मारायला लावत होते. त्याच्या आईनं रस्त्यात सरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. एकदा तिनं सरांना विचारलंसुद्धा, की तुम्ही नेमकं केलं काय? सर म्हणाले, "काही न्हाई ताई, मैदानाची सवय."

तसं बघितलं तर १९७८च्या 'ग्रीस'मध्ये हे उघड दाखवलेलं आहे. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या मुलीसाठी तिथला कातडी जाकिटातला टग्या बास्केटबॉल, कुस्ती, बेसबॉल असं एकेक करून बघतो आणि शेवटी पळायला लागतो. पण त्याच सिनेमात ती मुलगी शेवटी कातडी कपडे घालून येते आणि सगळं जग तेवढंच लक्षात ठेवतं. पोरगा सुधारला हे बघायला कुणी तिकीट काढत नाही.

खो-खोवाल्यांना मात्र या वयाची नाडी सापडलेली आहे. कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळणाऱ्या मुलाला जो पुरस्कार देतात, त्याचं नाव वीर अभिमन्यू. आत शिरायची विद्या येते, बाहेर पडायची येत नाही, अशा योद्ध्याचं नाव सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या पुरस्काराला ज्यानं सुचवलं, त्याच्या घरी नक्की त्याच वयाचा मुलगा असणार.

जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. शेवटची पळती, कर्णधार आत, आणि तो नेमून दिलेल्या खांबामागे, सरांच्या हुकमानुसार तोंड मिटून. आम्ही पेन्शनर मात्र दोघांकडे आलटून पालटून बघत होतो. तिनं अख्ख्या पळतीत एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याच क्षणी पाठीवर थाप बसून बाद झाली असती, आणि मग त्यानं स्वतःला कधी माफ केलं नसतं. सामना संपल्यावर ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "पाणी आण." मैदानावर बारा-पंधरा जण होते. पळाला एकटा तो. आमच्या पोस्टमास्तरांच्या मते आमच्या तालुक्यात प्रेमाची कबुली याहून स्पष्ट आजवर कुणी दिलेली नाही.

यंदा दोघांची बारावी होऊन गेली. ती पोलीस भरतीची तयारी करतेय आणि मैदानावर अजून येते. तो? तो पंच परीक्षा पास झाला. ज्या मुलाला शर्ट आत खोचायला सांगितलेलं सोसत नव्हतं, तो आता पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात शिट्टी अडकवून, लोकांचे खांदे किती अंश वळले ते बघत फिरतो. गेल्या महिन्यात तिचा सामना त्याच्याकडे आला. ती हूल देऊन सुटली, पण दोन्ही पाय सीमारेषेच्या बाहेर पडले. रेघ त्यानंच सकाळी आखलेली होती, सुतळी चांगली ताणून. त्यानं शिट्टी फुंकली आणि बोट वर केलं.

ती रागानं काहीतरी पुटपुटत बाहेर गेली. संध्याकाळी सरांनी त्याला विचारलं, "एवढं दिलं नसतंस तर चाललं असतं की रं?" तो म्हणाला, "सर, मग ती परत बोललीच नसती." सरांनी मान हलवली, उभी. सध्या तरी ती बोलत नाहीच, पण तिचं अबोल असणं त्याला नवीन नाही, आणि रोज पहाटे पाचला फक्कीचा डबा घेऊन तो हजर असतो.